हयातीचा दाखला

दरसाल धान चुरून झाला
की बाईले न्या लाखांदूरले,
जित्ती आहे हे दाखवाले.
गुलाबच्या ऑटोची मागची सीट काढतो,
खाली तनस, वर गोधडी, तिच्यावर बाई.
पायथ्याशी मी, तिचा उजवा हात धरून.
डावा तिच्याच अंगाले आहे,
पण सहा वर्सं झाली, तिचं ऐकत नाही.

बँकेतली पोरगी बाहेर येते, वाकते.
"आजी, तुमचं नाव?"
मी सांगतो, कौतिका सोमा नागोसे.
"तुम्ही नका, त्यांना सांगू द्या."
बाई मंग म्हणते, "पेज."
तेवढाच शब्द उरला, सगळ्याले तोच:
तहान, ऊन, माशी, मी.
पोरगी ठप्पा मारते.

औंदा घरीच आला एक जण, टॅब घेऊन.
म्हणे, नवं धोरण येऊन रायलं,
घरी दुखणेकऱ्याचं करते त्यालेही
सरकार काही देईल. पण आधी मोजणी.
मी पाट दिला. बाईची कूस बदलवाची वेळ होती,
म्हणलो थांबा, नाहीतर फोड येतात.
तो भिंतीवरच्या कॅलेंडराकडे पाहत राहिला.

"काळजीवाहू कोण?"
मी.
"नातं?" त्याच्या यादीत सून होती,
बायको, मुलगी, आई. भाऊ नव्हता.
"इतर" केलं.
"रोजचे तास?" आकडा आठावर जाऊन थांबला,
त्यानं बोटानं दोनदा ढकलून पाहिला.
"व्यवसाय?"
बुटीबोरीले फिटर होतो.
"आत्ता?"
आत्ता चुलीवर पाणी ठेवलं होतं तिच्या आंघोळीचं.
"बेरोजगार," त्यानं भरलं.

मंग मीच इचारलं,
साहेब, मागच्या तारखेनं भरता येते का?
माय गेली तवा मी चार महिन्याचा,
बाई अकराची. तिसरीतून नाव काढलं तिचं.
दूध नव्हतं, त पेज गाळून
फडक्यानं पाजे मले.
तिथं लिहा, काळजीवाहू: कौतिका.
नातं, बहीण.
हे तरी आहे का यादीत?

त्यानं वर-खाली सरकवलं बराच वेळ.
"मागचं घेत नाही हे," म्हणाला,
अन् उठला नाही, तसाच बसला.
पाणी उकळून चुलीत सांडाले लागलं.
म्हणलो, मोरीपर्यंत जरा हात लावता का.
टॅब त्यानं पाटावर उलटा ठेवला,
बाह्या वर केल्या.
"डोक्याकडून धरू,
की पायाकडून?"