कुटिन्होपर्यंत

माहीमचं खारं वारं सगळ्यांनाच खातं,
खिडकीच्या गजांना, माझ्या गुडघ्यांना.
पिस्तुलं तांदळाच्या डब्यात कोरडी राहिली असती.
प्रमिला म्हणाली, ठेवा,
मग भातही तुम्हीच शिजवा.
म्हणून सातही जणी
जुन्या बनियनांच्या चिंध्यांत, कपाटात वर,
आणि शिलाई मशीनच्या तेलाचा वास
आमच्या सगळ्या स्वेटरांना.

दोन जर्मन, एक झेक, तीन कलकत्त्याच्या
आणि ही बर्मिंगहॅमची, माझ्या जन्माच्या आधीची,
मुठीच्या काळ्या पट्टीला तडा.
सहांच्या पावत्या आहेत.

हिची नाही.

एक्क्याऐंशी साल. मी माझगावात
पाण्याचे मीटर वाचत हिंडायचो.
कुटिन्हो पियानो जुळवायचे.
त्यांचा मीटर अडीच वर्षं एकाच आकड्यावर बसलेला,
आणि मागच्या अंगणात पपया ह्या एवढाल्या.
मी पपयांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे.
आत गेले ते वर्तमानपत्राची गुंडाळी घेऊन आले.
कावळे उडवायला होतं, म्हणाले,
आता कावळेच घाबरत नाहीत.
मी वहीत लिहिलं: मीटर बंद, बदलणे.
चौतीस वर्षांच्या नोकरीत
एवढंच खाल्लं.

हिची नळी पुढच्या टोकाला बिजागरीत.
मागून सोडवायची, गच्चीवरच्या टाकीचं झाकण उघडावं
तशी उचलून पार पुढे न्यायची,
आत स्प्रिंग दातओठ खाऊन बसते.
घोडा ओढला की छर्रा जातो समोर
आणि पिस्टन येतो मागे,
नेम धरणाऱ्याच्याच अंगावर.
बाकीच्या मागे ढकलतात,
ही आधी पुढे ओढते.
पहिलं वर्षभर मी फक्त भिंत सोलली.

गच्चीवर, सहा पावलांवर, लग्नपत्रिकांच्या पाठी.
(वर्तुळं वाटीनं काढायची.
पाटकरांच्या मुलाची पत्रिका जाड होती, चांगली पुरली.)
त्यामागे डबा, डब्यात टेलिफोन डिरेक्टरी,
नव्वद सालची, सुतळीनं आवळलेली.
स्प्रिंगची ताकद मोजायला माझ्याकडे दुसरं काही नाही.
पिस्टनचं चामडं ताजं असलं
की छर्रा डिसोझा ओलांडतो.
धारावीचे होटकर कापून द्यायचे ते चामडं,
रुपयाएवढं, कडा दुमडलेली,
एरंडेलात दोन दिवस बुडवून ठेवा म्हणायचे,
घाई केलीत तर माझं नाव सांगू नका.
आता त्यांच्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं.

चामडं वाळत गेलं तसा छर्रा अलीकडे येत गेला.
डिकुन्हा. दामले. दलाल.
मागच्या दिवाळीपासून
कुटिन्होंमध्ये थांबतो.
अकरा कुटिन्हो आहेत. माझगावचे एकच.
एकदा नंबर फिरवला, पुढे दोन लावून.
दातांचा दवाखाना निघाला.
कुठला दात, त्यांनी विचारलं.
मी म्हणालो, नंतर कळवतो.

ऋजुता वरच्या मजल्यावरची, बारावीला,
वरळीच्या रेंजवर जाते.
तिच्या पिस्तुलात धक्काच नाही,
टाचणी टोचावी तसा आवाज.
काल माझा हात लागला थरथरायला
आणि वाटीचं वर्तुळ दोन झाली,
तेव्हा तिला म्हटलं, तू मार.
नळी उचलताना तिची जीभ बाहेर आलेली.
पहिला छर्रा टाकीच्या पायाला.
दुसरा डब्याच्या काठाला.
हे उलटं आहे, ती म्हणाली, रागानं,
आणि हात सैल सोडला, तुझं तू जा म्हणावं तसा.
तिसरा आत.

सुतळी सोडून तिनं पानं उलटली,
क्लिपच्या टोकानं छर्रा उकरला,
शिशाची चपटी टिकली.
नाव वाचलं मोठ्यानं. मग:
आजोबा, ही तुम्हाला मिळाली कुठे?

समुद्राकडून वारं सुटलं होतं.
म्हटलं, आधी पुसून घे, तेल लाव,
नळीच्या आतून सुद्धा.
मग सांगतो.
तिनं पुसलं. तेल लावलं.
आणि चिंधी हातात धरून
उभीच राहिली.