वळसा

टॉलिव्हर काउंटीच्या दप्तरात
सन अडतीसचं पान:
संडास, नग चारशे बारा,
पैसा वॉशिंग्टनचा.
गवंड्यांत एक ऑर्फाबाईंचे वडील.
तेव्हा लोक म्हणायचे,
फावड्याला टेकून उभं राहायचा पगार खातात.

पुढच्या पानांवर दरवर्षीचे मृत्यू.
विषमज्वराचा रकाना
चाळिसाव्या सालापासून कोराच.

आता इंटरनेटच्या तारेसाठी
पुन्हा तिकडचाच पैसा.
परसात चर खणताना
यंत्राचं पातं काँक्रीटवर खडखडलं.
फोडू का, पोरानं विचारलं.

ऑर्फा टीटर, वय ब्याण्णव,
कोंबड्यांना दाणे टाकत होत्या.
वर न बघता म्हणाल्या, वळसा घाल.
जास्तीची तार
लाव वॉशिंग्टनच्या नावावर.

मी वहीत लिहिलं: नऊ फूट.
कारण काय लिहू?