सापडू नये म्हणून

आधी वीस मिनिटं फिरवून आणली,
मेहरुणच्या तलावाला एक वळसा,
तेल सैल व्हावं म्हणून.
मे महिन्यात ह्याची गरज नसते खरं तर.
आमच्या जळगावात गाडी उभ्या उभ्याच तापते.
पण पुस्तकात लिहिलंय,
आणि पुस्तक जर्मन आहे.

कंपनीचा माणूस म्हणालेला, ट्रकवर घाला, मुंबईला पाठवा.
नुसतं तेल बदलायला
चारशे किलोमीटर!
तौसीफ म्हणाला, काय भो,
तुम्ही सोनं गाळता,
तुम्हाला तेल गाळता येणार नाही?

पोट इतकं जमिनीलगत की जॅक आत शिरेना.
भुसावळच्या भंगारातले दोन स्लीपर आडवे टाकले,
वर चढवली इंच-इंच.
तौसीफ समोर उभा, हात हलवत,
जणू विमान उतरवतोय.
मग केळीच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरून
मी पाठीवर आत.

आठ नंबरची एलन की.
अर्धा आटा, आणखी पाव,
मग बोटांनी.
पहिली धार थेट कोपरापर्यंत आली.
तोंडातून जी शिवी निघाली ती बापाची होती,
शब्दही त्याचा, सूरही त्याचा.

बाप झारेकरी.
सराफ बाजारात दुकानं उघडायच्या आत
गटारीची माती पाटीत भरून आणायचा.
मागच्या दारी बसून घमेल्यात फिरवायचा,
पाणी सोडायचा, माती सोडायचा,
तळाशी उरेल त्याला
श्वासही लागू द्यायचा नाही.
महिन्याकाठी कधी गुंजभर.
कधी गुंजेचं नुसतं नाव.
माझं काम कंदील धरणं.
चमकतं ते अभ्रकही, म्हणायचा,
बुडतं त्याच्याकडे बघ.

तीच मांडी, तसंच घमेलं,
त्यात आता साडेसात लिटर काळं.

फिल्टर काढला, करवतीच्या पात्यानं कापला.
आत कागदाच्या घड्या,
भिजलेल्या वहीसारख्या एकमेकींना चिकटलेल्या.
एकेक सोडवतो, उन्हात धरतो.
पंचवीस वर्षं लोकांच्या बांगड्यांचा टंच काढला,
नजर सवयीची झालीये, हावरट.
तिला समजावतोय, बाई, आज काही दिसू नये.
इथं चमकलं तर आत बेअरिंग झिजतंय,
आणि नवं इंजिन म्हणजे
दुकानाचा अर्धा गाळा.

अकराव्या घडीत एक कण.

तौसीफनं चुंबक आणलं, फुटक्या स्पीकरमधलं.
पोलाद असतं तर उडी मारून गेलं असतं.
हा हललाही नाही.
म्हणजे पितळ. नाहीतर तांबं.
नाहीतर...
दोघंही हसलो,
पण जरा उशिरा.

बारावी कोरी. तेरावी कोरी.
शेवटपर्यंत काही नाही.
रिकाम्या हाताचा इतका आनंद
आमच्या घराण्यात आजवर कुणाला झाला नसेल.

नवी वायसर. पन्नासवर पान्यानं टक् केलं.
नवं तेल ओतलं, घाणीवरून आणलेल्या
शेंगदाण्याच्या तेलाच्या रंगाचं,
तौसीफ बोट बुडवून म्हणाला,
ह्यात भजी तळता येतील.
जुनं त्यानंच नेलं, मामाच्या सेंट्रिंगच्या पाट्यांना लावायला.
कुठल्यातरी स्लॅबच्या पोटाला
माझ्या गाडीचा वास येत असेल आता.

कण मी डबीत ठेवलाय.
फुंकर न घालता.
उद्या मशीनखाली धरीन म्हणालो,
त्याला आता चार दिवस झाले.

पुठ्ठ्याकडे मात्र रोज सकाळी वाकून बघतो,
चहाच्या आधी.
कोरडा आहे.