भाषेचा रकाना

खोकी चौदा. एकावर औषध कंपनीचं नाव, दुसऱ्यावर गूळ,
बाकीच्यांवर काहीच नाही.
पुतण्याने टेम्पोतून उतरवली, सही घेतली, म्हणाला,
वखारीत होती म्हणून वाचली, मॅडम,
तंबाखूच्या वासाला कसर फिरकत नाही.

मला मात्र शिंका येतात.
निपाणीत जन्मून, इथंच चाळीस वर्षं काढूनही येतात.

डॉ. धन्यकुमार मगदूम. गाव अक्कोळ, नोकरी कानपूर.
यंत्राला माणसाचं बोलणं कळावं म्हणून
देशात आधी खपले त्या चार-पाच जणांतला एक,
असं मृत्युलेखाच्या कात्रणात आहे.
कात्रण तिसऱ्या खोक्यात, विजेच्या बिलांमध्ये.
ते तिथं कुणी ठेवलं, ते मी विचारलं नाही.

हिरव्या पट्ट्यांचे कागद, कडांना भोकं.
एकाचं टोक धरून सोडलं तर वाचनालयाच्या जिन्यावरून
खाली चहावाल्यापर्यंत गेलं.
मग छिद्रांची कार्डं, बुटांच्या डब्यात,
रबर वितळून एकमेकांना डसलेली.
कार्डावर एक वाक्य. खाली पेन्सिलीने
कोण बोललं, किती वाजता, हातात काय होतं.

एकाहत्तरच्या मे महिन्यात तो सुट्टीवर आला
आणि विड्या वळणाऱ्या बायकांत जाऊन बसला.
वाक्याला चार आणे.
हिशेबाची वही आहे. सगळ्यांत जास्त तंगेव्वाने कमावले,
सत्तावन्न वाक्यं, सव्वाचौदा रुपये.
बायका म्हणत असतील, येडं हाय पोरगं,
हजार विड्यांना एवढं मिळत नाही.

कार्ड तीनशे आठ. तंगेव्वा. दुपारी तीन. मांडीवर सूप.
"गाळी बंतु, पानं दाबा गं."
मागे यंत्राचं उत्तर टाचलेलं:
वाक्य अपूर्ण. पहिले दोन शब्द अनोळखी.
पुढल्या वर्षीचं उत्तर: वाक्य चूक.
त्याच्या पुढल्या वर्षी: वाक्य चूक.
आणि समासात, कागदाच्या पाठीवर उठेल इतकी दाबून, पेन्सिल:
वाक्य बरोबर आहे. एकही पान उडालं नाही.

चौऱ्याहत्तरच्या वहीत बाकी सगळी गणितं,
वाक्यांची झाडं, मुळं वर, फांद्या खाली.
मध्येच एक ओळ:
यंत्राला आधी वारा लागला पाहिजे. मग शब्द.
या ओळीखाली कुणा वरिष्ठाचं लाल प्रश्नचिन्ह.

माझ्यासमोरच्या नोंदपत्रात एक रकाना आहे, भाषा.
त्यात एकच बसते.
याच रकान्यापायी इथं पाट्यांना डांबर लागलंय,
एसट्या सीमेवर उभ्या राहिल्यात,
माझा काका सहा दिवस आत होता.
मी तो रिकामा सोडून बटण दाबते.
पडद्यावर लाल अक्षरं: नोंद अपूर्ण.
तीनदा दाबते. तीनदा तेच.

तंगेव्वा सापडली. ऐंशीच्या पुढं, डोळ्यांत मोती,
बोटं अजून हवेत काहीतरी वळतात.
काय लिवाय लागलाईस, म्हणाली.
मी कार्ड वाचून दाखवलं.
आणि त्ये यंतर काय म्हणालं?
चूक म्हणालं, आजी.
बराच वेळ गप्प. मग बोळकं पसरून,
त्येचं काय पान उडाय लागलंतं व्हय?

मी निघाले तर हाक मारून म्हणाली,
सत्तावन्न न्हवं. साठ झाल्ती.
तिनाचं पैसं ऱ्हायल्यात.

परत येऊन बुटांचे डबे पुन्हा उपसले.
सत्तावन्नच आहेत. शिंका आल्या.
उरलेली तीन काय असतील?
एखादी शिवी असेल, जी त्याने लाजून लिहिली नाही.
किंवा ती नुसती हूं म्हणाली असेल
आणि त्याला ते वाक्य वाटलं नसेल.

शेऱ्याच्या रकान्याला भाषा लागत नाही.
तिथं लिहिलं: तीन वाक्यं गहाळ. बारा आणे देणे.
कुणी द्यायचे, ते लिहिलं नाही.