वादी कबीरमधली पिवळी

गुरुवारी रात्री, शटरं अर्धी ओढल्यावर
हारिब ती घेऊन आला.
पिवळी. पण आमच्या धंद्यात नुसतं पिवळं काही नसतं;
फणसाच्या गऱ्याचा रंग, काप्याच्या,
बरक्याच्या नव्हे.
पाच दारं, मागून आखूड,
शेपूट तुटलेल्या मांजरीसारखी बसकी.
किंमत त्याने आधीच सांगून टाकली, लाजत,
कोणी विचारायच्या आत.

बिजूने डॅशबोर्डवर बोटाचं पेर वाजवलं:
"प्लास्टिक."
गुल जमीनने बावीस वर्षं गिअरबॉक्स उघडलेत.
"तीन सिलिंडर? माझ्या मामाचं शिलाई मशीन बरं!"
म्हणाला, आणि टॉर्च घेऊन
पाठीवर सरकत तिच्या खाली गेला.
चहा थंड झाला तरी बाहेर येईना.
आला तो काहीच बोलला नाही.
हे त्याचं कौतुक.

रोडेलने फक्त हँडब्रेक ओढला,
"अजून वायरचा आहे!"
आणि चाळीस वर्षांचा माणूस
दोनदा, तीनदा, पुन्हा ओढत राहिला.
अली मुराद जुन्या गाड्यांचं सुरू करणार तोच
सगळ्यांनी मिळून त्याचं वाक्य पुरं केलं.
त्याची सहा सिलिंडरची राणी
सात वर्षं विटांवर उभी आहे,
तिच्या सीटखाली मांजर व्यालीय.

इम्तियाज पारकर हिशेबाचा माणूस.
"सात हजार रियाल. म्हणजे माझे एकोणतीस पगार,
न खाता, न पिता, घरी न पाठवता."
"घेतोस काय?"
"भागाकार करायला पैसे पडत नाहीत."

मी रंगारी. मी बॉनेट उघडलं.
त्यांनी इंजिन पाहिलं, मी झाकणाची आतली बाजू.
तिथे क्लिअर मारलेलाच नाही.
कोरडा, खडूसारखा रंग, अंगठ्याला लागेल असा.
दाराच्या बिजागरीपाशीही तसाच.
मग चाकांतून ब्रेक बघितले: मोठे, खरे,
दुप्पट किमतीच्या गाडीला शोभतील असे.
तर इथे वाचवले, आणि तिथे घातले.

गुहागरला आमच्या घराला
रस्त्याकडून डिस्टेंपर आहे, दोन हात.
मागे विहिरीकडे नुसता चिरा.
आई म्हणायची, मागून कोण बघतंय?
त्याच पैशांत धाकटीचं नर्सिंग झालं.
आता ती सलालाहून मला रागावते,
वेळेवर जेवत जा म्हणून.

"तू चालव," हारिब म्हणाला. का मलाच, ठाऊक नाही.
कदाचित मी एकट्यानेच तिला नावं ठेवली नव्हती.
अमरातचा घाट, रात्री साडेबारा.
दुसरा गिअर, आणि ती तीन सिलिंडरं
घसा खाकरून एकदम बोलायला लागली.
हजारो गाड्यांना हात लावलाय मी,
फडक्यातून, मास्कमधून,
हलवल्यात त्या फक्त बूथमधून उन्हात.
वळणावर कुठली गाडी काय म्हणते
हे मला कोणी सांगितलं नव्हतं.
वर पोचल्यावर खाली मस्कतचे दिवे होते.
मी ते बघितले नाहीत.
गाडी वळवली आणि म्हटलं, एकदा अजून.

तीन आठवड्यांनी हारिब आला,
पुढचा बंपर दगडाला पुसून.
"बाबांना सांगू नकोस."
रंगाचा कोड अजून पुस्तकात आला नव्हता.
मी डोळ्याने जुळवला,
पांढऱ्यात पिवळा, एक थेंब तांबडा,
उन्हात धरून, सावलीत धरून,
काप्याचा गरा आठवून.

बंपरचे पैसे घेतले. धंदा आहे.
मग भांड्यात थोडं क्लिअर उरलं होतं
तर बॉनेट उघडून
आतल्या बाजूला एक हात मारला.
हारिबला ते अजून माहीत नाही.