आधी कूलर

तौसीफच्या मामूनं दोह्याहून पाठवलेला खोका
तीन दिवस त्याच्या पलंगाखाली राहिला,
चौथ्या दिवशी सायकलच्या कॅरिअरवर बांधून
मोमीनपुऱ्याहून आमच्या गोळीबार चौकात आला,
कारण कूलर आमच्याकडे होता.

दोन गिटारी, चार रबरी थाळ्यांचा ड्रम, एक माइक.
गिटारींना तारा नाहीत. पाच बटणं,
हिरवं लाल पिवळं निळं केशरी,
आणि एक पट्टी, जी खाली-वर केली
की उंदीर चणे फोडतो आहे असं वाटे.
गाणं टीव्हीतच असतं.
आपण चुकलो की त्यातला आपला हिस्सा गप्प होतो,
एवढंच आपल्या हातात.

भूपेशदादा ड्रमवर, कारण घर त्याचं.
(घर माझंही होतं.)
तौसीफ मुख्य गिटार, कारण खोका त्याचा.
मला बेस.
बेस म्हणजे काय, विचारलं तर दादा म्हणाला,
"बंद पडला तरच समजते. चालू असला की नाही समजत."
गिटारीचा पट्टा खोक्यात नव्हता. मी ओढणी बांधली.

गाणारं कोणी नव्हतं.
माइक शिलाई मशीनवर ठेवून दिला
तर पडद्यावर गायकाचा बाण आपोआप हलला,
मग एका रेघेवर जाऊन बसला, सरळ, ठाम.
कूलर गात होता.
तौसीफ म्हणे, "याले घ्या बे बँडमध्ये,
सुटी तरी नाही मागत."

म्हणून नियम झाला: गाणं चालू, कूलर बंद.
शेहेचाळीस अंशांत चार मिनिटं.
वाळ्याचे ताटे टपकायचे थांबत,
बटणांवर बोटं घसरत,
तौसीफ बनियनला हात पुसायचा
तेवढ्यात चार हिरवे निघून जायचे.

ड्रमचं पायडल आठवड्यात मोडलं, मधोमध.
बाबांनी ते उलटसुलट करून पाहिलं.
मागावर वीस वर्षं पाय मारलेला माणूस.
"हे पायडल आहे?" एवढंच बोलले,
अडगळीतनं मागाची लोखंडी पट्टी कापून आणली,
वर दोन बोल्ट, खाली स्लीपरचा तुकडा.
पुढे सगळं मोडलं, ते नाही मोडलं.

दादा तिसऱ्या कडव्यात हमखास बाद व्हायचा.
बाकीच्यांनी जमवलेली चमक खर्चून
एखाद्याला परत आणता येतं,
एका गाण्यात दोनदा.
तिसऱ्यांदा नाही.
त्याचा एम-थ्री दोनदा राहिला होता त्या वर्षी.
हा नियम तौसीफनं वाचून दाखवला तेव्हा
दादा काठ्यांची टोकं बघत बसला,
आणि मी उगाच निळं बटण दाबत राहिले.

मग एका दुपारी आई आत आली.
"काऊन बंद करून ठेवला कूलर? मारून राहिले का आम्हाले?"
दादानं तिच्या हातात माइक दिला.
शब्द इंग्रजी, घाईघाईनं पळणारे. तिनं बघितलेच नाहीत.
नुसतं "अं" धरून रेघेच्या मागं निघाली,
सुईत दोरा घालताना चेहरा होतो तसा चेहरा.
यंत्राला शब्द कळत नाहीत, सूर तेवढा कळतो.
शहाण्णव टक्के.
"आन् बाकीचे चार?" तिनं विचारलं.

ते चार मिळवायला ती पुन्हा उभी राहिली,
आणि गाणं अर्ध्यात असताना लाइट गेली.

पडदा काळा. रंग गेले, रेघ गेली.
खिडकीवरच्या चादरीतून येणारा पिवळा उजेड तेवढा.
थांबा, असं कोणी म्हणालं नाही.
रबरावर थाप, दादाच्या पायाखाली लोखंड,
तौसीफचे चणे,
आईचं "अं", आता रेघेशिवाय, जरा खाली,
तिच्या स्वतःच्या उंचीवर.
दादा चुकला. चुकला आणि चालू राहिला.
मला पहिल्यांदाच बेस ऐकू आला:
टक. टक. मध्ये जागा. टक.

किती वेळ, कोण जाणे.
लाइट आली, टीव्हीनं पहिल्यापासून सुरुवात केली,
बँडचं नाव काय, विचारायला लागला.
घामानं ओढणी मानेला चिकटली होती.
दादानं नाव टाकायला हात पुढे केला.
आई म्हणाली, "आधी कूलर लाव."