‘नाही’ची नोंद

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी, रोज तेच.
एकशे बारा शाखा मुकाट अद्ययावत होतात,
एकशे तेराव्या शाखेपाशी स्क्रिप्ट कोसळते.
शाखा म्हणजे नाक्यावरची नव्हे, बँकेचीही नव्हे,
आईला हे तीनदा सांगून झालंय.

ही मुकादमने काढलेली.
नाव ठेवलं ‘नवी-पावती’,
आणि पहिली ओळ लिहायच्या आत
त्याला दुसऱ्या प्रोजेक्टवर नेलं.
आत एक फाइल नाही, एक नोंद नाही.
बारसं झालंय, मूल व्हायचंय.

विक्रोळीचा चौदावा मजला.
काचेपलीकडे तिवरांचा काळा पट्टा,
त्याच्याही पलीकडे खाडी असणार.
मी लॉग वर वर सरकवत जाते
तेव्हा कुठे सापडतं:
प्रोग्राम विचारतो, शेवटची नोंद कोणती?
शाखा खरं तेच सांगते: नाही.
आणि हा शहाणा
‘नाही’ नावाची नोंद शोधायला निघतो,
सगळा इतिहास पालथा घालतो
आणि परत येऊन बोंब मारतो,
‘नाही’ सापडत नाही!

मला हसू फुटतं, एकटीला.
भांडुपच्या वॉर्ड ऑफिसात भरलेला तो फॉर्म.
पतीचे नाव, पुढे लाल चांदणी,
रकाना मोकळा सोडायची सोय नव्हती.
मी लिहिलं: नाही.
महिन्याभराने कार्ड आलं,
शर्वाणी नाही तळवडेकर.
मग पडताळणीला माणूस,
उंबऱ्याबाहेरूनच, कागदावर नजर ठेवून:
मिस्टर नाही आहेत का घरी?
आई म्हणाली, नाहीत.
त्याने लिहून घेतलं,
बाहेर गेले आहेत.

दुरुस्ती चार ओळींची.
शाखा रिकामी असेल तर शोधत बसू नकोस,
आणायचं काही नाही, बदलायचं काही नाही,
गुपचूप मागे फिर.
वेळ खाल्ला तो चाचणीने.
काहीच नसलेलं काहीतरी मुद्दाम तयार करायचं
आणि डोळ्यांत तेल घालून बघायचं
की काहीच होत नाहीये.

तीन चाळीसला हिरवी खूण.
बदलाचं कारण, एका ओळीत लिहा.
लिहिते: ‘नाही’ हे कुणाचं नाव नव्हे.

मुकादमची शाखा मी पुसली नाही, असू दे.
कार्डही पर्समध्ये तसंच आहे.
दुरुस्त करून घ्यायचं तर
पुन्हा तोच फॉर्म,
तीच लाल चांदणी.